विसूभटांची भिकबाळी

कोळवणीच्या सोमाजीराव देसायांनी फाशांच्या जुगारापायी घोडी विकली, हंडे-घागरी विकल्या आणि एका सकाळी ते पत्नी म्हाळसाबाईंच्या माहेरच्या पाटल्या मागू लागले. सोबत गावजोशी विसूभट होतेच.

"उद्या रावांचंच दान पडणार. माझं भाकीत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," भटजी पंचांग मिटत ऐटीत म्हणाले.

म्हाळसाबाई शांतपणे म्हणाल्या, "मग भटजी, तुमच्या कानातली सोन्याची भिकबाळीच लावा की डावाला. जिंकलेलं सगळं तुमचं."

भटजींचा हात झटकन कानावर गेला. त्यांनी पंचांग पुन्हा उघडलं. "उद्या शनीची वक्रदृष्टी दिसतेय. खेळूच नये."

देसाई खजील होऊन हसले. पाटल्या बाईंच्या हातातच राहिल्या आणि भटजींना दक्षिणेऐवजी नुसता नमस्कार मिळाला.