कवडीचं पोट हलेना

बनूआत्याच्या परसात एक कोंबडी होती. तिचं नाव कवडी. कवडीला एकच पिल्लू. एवढंसं. त्याचं नाव टिपूस.

कवडी माती उकरायची. खर्र खर्र. टिपूस किडा टिपायचं. गट्ट.

एके दिवशी कवडीने वाळकं गवत गिळलं. लांबच लांब. ते गळ्याखाली अडकलं. तिथे लिंबाएवढा गोळा झाला. मग कवडी खाईना. उकरेना. नुसती फुगून बसली.

एक दिवस झाला. दोन झाले. आठ झाले. सकाळी गोळा जरा बसायचा. संध्याकाळी पुन्हा टम्म.

परसात सगळ्यांना काळजी वाटली. सगळे येऊन बघून गेले. सगळ्यांनी माना हलवल्या. मग सगळे आपापल्या जागी जाऊन बसले.

टिपूसला भूक लागली. ते आईच्या पंखाखाली शिरायला गेलं. आईला पंखही उचलवेना.

मग टिपूस निघालं. तुर तुर तुर.

बनूआत्या ओट्यावर बसली होती. शेजारणीला कोंबडीच्या पोटावरचे उपाय सांगत होती. टिपूस म्हणालं,

“आत्या, आत्या, ओवा काढ.
आईचं पोट काही हलेना.”

आत्या म्हणाली, ओव्याचं पाणी तर पाजायलाच हवं. आठ दिवस ती हेच सांगतेय. पण ओव्याचा डबा वरच्या फळीवर. तिथे हात पुरत नाही. स्टुलावर चढावं, तर स्टुलावर मांजर झोपलेलं.

“मांजर उठलं, तर मी ओवा काढीन.”

टिपूस निघालं. तुर तुर तुर.

मांजर स्टुलावर पसरलं होतं. खिडकीतून ऊन येत होतं. ते बरोबर मांजराच्या पोटावर पडलं होतं.

“मावशी, मावशी, ऊठ ना.
आत्या ओवा काढेना,
आईचं पोट काही हलेना.”

मांजराने एक डोळा उघडला. मागच्या वर्षी त्याने एक उंदीर पकडला होता. तेव्हापासून ते दमलेलं होतं. आणि ऊन इथे असताना उठणार कसं?

“ऊन सरकलं, तर मी उठेन.”

ऊन कसं सरकतं? कोंबडा आरवला की सरकतं. कोंबडा स्वतःच सगळ्यांना तसं सांगायचा.

टिपूस निघालं. तुर तुर तुर.

कोंबडा उकिरड्यापाशी उभा होता. तुरा ताठ. छाती पुढे.

“कोंबडेराव, कोंबडेराव, आरवा ना.
ऊन सरकेना,
मांजर उठेना,
आत्या ओवा काढेना,
आईचं पोट काही हलेना.”

कोंबड्याला फार वाईट वाटलं. तो डोळे मिटून उभा राहिला. मग त्याने डोळे उघडले आणि सांगितलं, की तो उकिरड्याच्या माथ्यावरूनच आरवतो. खालून आरवणं त्याला शोभत नाही. आणि माथ्यावर आज शेळी चढून बसलीय.

“शेळी उतरली, तर मी आरवीन.”

टिपूस निघालं. वर चढलं. टुबुक टुबुक टुबुक.

शेळी कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका खात होती. चटर चटर.

“काकू, काकू, उतरा ना.
कोंबडा आरवेना,
ऊन सरकेना,
मांजर उठेना,
आत्या ओवा काढेना,
आईचं पोट काही हलेना.”

शेळी म्हणाली, वाचत असताना मध्येच कसं उतरायचं? आणि कारण नसताना उतरलं, तर बघणारे काय म्हणतील? कुत्रा भुंकला तर गोष्ट वेगळी.

“कुत्रा भुंकला, तर मी उतरेन.”

टिपूस खाली घसरलं. घसर्रर्र. निघालं. तुर तुर तुर.

कुत्रा फाटकापाशी बसला होता. पुढचे पाय जुळवून. अगदी सरळ.

“दादा, दादा, भुंक ना.
शेळी उतरेना,
कोंबडा आरवेना,
ऊन सरकेना,
मांजर उठेना,
आत्या ओवा काढेना,
आईचं पोट काही हलेना.”

कुत्रा म्हणाला, भुंकायला त्याची ना नाही. पण नियम म्हणजे नियम. आधी फाटक वाजतं, मग कुत्रा भुंकतो. आधीच भुंकलं तर ते नुसतं ओरडणं होतं.

“फाटक वाजलं, तर मी भुंकेन.”

टिपूस निघालं. तुर... तुर... तुर. आता त्याचे पाय दुखत होते.

“फाटकबुवा, फाटकबुवा, वाजा ना.
कुत्रा भुंकेना,
शेळी उतरेना,
कोंबडा आरवेना,
ऊन सरकेना,
मांजर उठेना,
आत्या ओवा काढेना,
आईचं पोट काही हलेना.”

फाटक म्हातारं होतं. ते हळूच बोललं, “बाळा, मी कशाला नाही म्हणू? माझ्या पायाखाली खडा अडकलाय. म्हणून मी हलत नाही. आठ दिवस झाले. पण मला कुणी विचारलंच नाही.”

टिपूसने वाकून बघितलं. खरंच, खाली खडा होता. हरभऱ्याएवढा. कुत्रा तिथेच बसला होता, पण त्याने कधी खाली बघितलं नव्हतं.

टिपूस कुणाकडे गेलं नाही. त्याने चोच लावली. टक. खडा हलेना. टक टक. खडा हलेना. टिपूसने डोळे गच्च मिटले आणि सगळा जोर लावला. टक टक टक!

खडा सुटला. घरंगळत गेला. गडगड गडगड.

मग काय,
फाटक वाजलं. कर्रर्र!
कुत्रा भुंकला. भू भू भू! आलं तर कुणीच नव्हतं, पण भुंकला.
शेळी उतरली. टणाटण! पत्रिका तोंडातच.
कोंबडा चढला. आरवला. कुकूचकू!
ऊन सरकलं. ते मघाशीच सरकलं होतं, पण कोंबड्याला कुणी सांगितलं नाही.
मांजर उठलं. आळस देऊन दुसऱ्या उन्हात गेलं.
आत्या स्टुलावर चढली. तिने ओवा काढला.

आत्याने ओवा उकळला. बुडबुड बुडबुड. पाणी कोमट झालं. कवडीला मांडीवर घेतलं. थोडं थोडं पाजलं. गळ्याखालचा गोळा बोटांनी हळू हळू चोळला.

टिपूस शेजारी बसून बघत होतं. “आई बरी होईल?” त्याने विचारलं.

“होईल,” आत्या म्हणाली. “पण आज नाही. थोडी कळ काढ.”

पहिल्या दिवशी गोळा मऊ झाला. दुसऱ्या दिवशी गोळा लहान झाला. टिपूसने दोन्ही दिवस आईला सोडलं नाही. आत्याने भिजवलेली कणी दिली, तेवढी खाल्ली. तिसऱ्या दिवशी गोळा दिसेना. कवडी उठून उभी राहिली.

परसात सगळे जमले. कोंबडा उकिरड्यावर चढला आणि भाषण करू लागला. आपण आरवलो म्हणून कवडी वाचली, असं त्याने सांगितलं. शेळी म्हणाली, मी उतरले म्हणून. कुत्रा म्हणाला, मी भुंकलो म्हणून. मांजर म्हणालं, उठलं कोण? आत्याने शेजारणीला सांगितलं, की आपण लगेच ओवा काढला, एक दिवससुद्धा वाया घालवला नाही. खड्याचं नाव कुणीच काढलं नाही.

तेवढ्यात कवडी हळू हळू उकिरडा चढली. कोंबड्याच्या पुढ्यात उभी राहिली. शेपटी वर केली.

पच्!

कोंबड्याने एक पाय उचलून बघितला. शेळीने तीन दिवस चघळलेली पत्रिका गिळून टाकली. आत्या वाकली. तिने नीट निरखून बघितलं. शी काळी होती. वर पांढरं टोपरं होतं.

“छान झाली,” आत्या म्हणाली. “अगदी हवी तशी.”

कोंबडा भाषण पुढे चालू करणार होता, पण कुठे उभं राहावं ते त्याला कळेना.

कवडी तिथेच उकरू लागली. खर्र खर्र. खालून एक गांडूळ निघालं. जाडजूड. लांबच लांब. टिपूसने एक टोक पकडलं. ओढलं, ओढलं, ओढलं.

गट्ट.

गोष्ट गिळली, गोष्ट पचली,
ऐकणाऱ्यांची पोटं हसली.