हीटरच्या दोन नळ्या

“काढलंस काय ते दिसतंय मला. ठेवलंस काय, ते सांग.”

दस्तगीर उस्तादांनी हे विचारलं तेव्हा सयाजी हात पुसत उभा होता. त्याच्या पायाशी एका जुन्या मोटारीचा सगळा एसी फडक्यावर मांडलेला होता: कॉम्प्रेसर, त्याचा पट्टा, पुढची जाळी, डॅशबोर्डखालची कॉइल. रुखवत मांडावं तसा थाट होता.

“हीटर ठेवलाय की, उस्ताद. बाईंनी सांगितलं तसा.”

उस्तादांनी वाकून बॉनेटखाली पाहिलं.

“हं…”

एवढंच म्हणून ते चहा बशीत ओतू लागले.

उस्तादांचं गॅरेज वाईत, पसरणी घाटाच्या पायथ्याशी. गाडी पाचगणीच्या दिनबाईंची. बाई पियानो शिकवायच्या आणि सत्तरी उलटली तरी गाडी स्वतः चालवायच्या. मधल्या कुणा मालकानं हौसेनं त्या गाडीत एसी बसवला होता, तेव्हापासून घाट चढताना ती धापा टाकायची. बाई म्हणाल्या होत्या, “गारवा आम्हाला देव फुकट देतो. तो काढा. हीटर मात्र राहू द्या, थंडीत माझी बोटं वळत नाहीत.”

सयाजीला हे काम म्हणजे हातचा मळ. त्याचा जीव अडकला होता दुसरीकडेच. सुरूर फाट्यावर त्यानं स्वतःच्या गॅरेजसाठी जागा हेरली होती, पाटीचा रंगसुद्धा ठरवला होता. अडलं होतं फक्त उस्तादांच्या एका शब्दावर. उस्ताद आपला वापरातला पाना चेल्याच्या हातात देत आणि ‘जा’ म्हणत, मगच चेला बाहेर पडे, अशी इथली रीत. न विचारता गेलेल्याला कुणी अडवत नसे, पण वाईत त्याला कुणी मेकॅनिकही म्हणत नसे.

सयाजीनं विचारून पाहिलं होतं. तेव्हाही उत्तर हेच मिळालं होतं… हं.

त्या दिवसापासून गडी फुगून बसला होता. डबा वेगळा बसून खायचा, कामापुरतं बोलायचा. म्हाताऱ्याचं आपल्यावाचून भागत नाही, म्हणून तो तोंड उघडत नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. खरं म्हणजे त्याला वाईट वाटत होतं. पण वाईट वाटतंय म्हणण्यापेक्षा राग धरणं सोपं जातं.

“उद्या सकाळी गाडी पोचवू,” उस्ताद म्हणाले. “मी पण येतो.”

सकाळी थंडी मी म्हणत होती. ओझं उतरल्यामुळे गाडी घाट हसत चढू लागली. सयाजीची छाती फुगली. शाबासकीच्या आशेनं त्यानं तिरक्या नजरेनं शेजारी पाहिलं. उस्ताद मफलर कानांवर ओढून बसले होते.

“हीटर लाव.”

सयाजीनं खटका ओढला. पंखा घुमला, झोत आला… आणि तो पार गार.

“होईल गरम, उस्ताद. जरा दम धरा.”

वळणामागून वळण गेलं. उस्तादांचे हात काखेत गेले. सयाजीची बोटं स्टेअरिंगवर बधिर व्हायला लागली.

“थांबव.”

एका रुंद वळणावर गाडी थांबली. उस्ताद खाली उतरले, सयाजीचा हात धरून त्यांनी तो बॉनेटवर ठेवला. पत्रा चांगलाच तापला होता. हाताला फार बरं वाटलं.

“गरम हाय का?”

“हाय की.”

“मग आत का न्हाई?”

सयाजीनं बॉनेट उघडलं… आणि त्याची नजर हीटरच्या नळ्यांवर गेली.

इंजिनाचं गरम पाणी एका नळीनं हीटरमध्ये जातं आणि दुसरीनं परत येतं. एसीची कॉइल ओढून काढताना त्या नळ्या आड आल्या, तशा त्यानं कापल्या होत्या आणि इंजिनापाशीच नळीला नळी जोडून दिली होती. खाली वाईत जुन्या गाड्यांचे हीटर असेच बंद करतात, तिथं ते कुणाला लागतात? हाताला तेच वळण पडलेलं. हीटर जागच्या जागी होता, पण कोरडा.

“कापल्या कधी, ध्यानात पण न्हाई,” तो पुटपुटला.

“रागात असलास की तुझा हात लई चालतो.”

उस्तादांनी पिशवीतून दोन नव्या नळ्या काढल्या. मापात कापलेल्या होत्या.

सयाजी बघतच राहिला. “तुम्हाला कालच कळलं हुतं?”

“व्हय.”

“मग कालच का न्हाई सांगितलं?”

“काल तुला थंडी कुठं वाजत हुती?”

इंजिन निवेपर्यंत दोघं कठड्यावर बसले. खाली वाईवर धुकं साचलं होतं. उस्तादांनी डबा उघडला. भाकरी होती, लसणाची चटणी होती. बऱ्याच दिवसांनी सयाजीचा हात त्या डब्यात गेला. त्याला फार सुटल्यासारखं वाटलं.

मग त्यानं नळ्या जोडल्या. क्लिपा आवळायला उस्तादांनी आपला पाना दिला. कॅनमधलं पाणी भरून गाडी पुन्हा निघाली आणि थोड्या वेळानं पायांपाशी ऊब यायला लागली.

“एसीला काय लागतं?” उस्तादांनी डोळे मिटूनच विचारलं.

“पट्टा लागतो. इंजिनाचा जोर लागतो.”

“आणि हीटरला?”

“त्याला काय… ऊब इंजिनाचीच. वाट तेवढी लागती.”

“हं…”

आज त्या ‘हं’चा सयाजीला राग आला नाही.

पाचगणीला घराच्या फाटकापाशी दिनबाई गाडीत बसल्या. हातमोजे काढून त्यांनी बोटं झोतासमोर धरली, एकेक करून वळवून पाहिली. “आता वाजवता येईल,” त्या म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

परतीच्या एसटीची वाट बघताना सयाजीला खिशातला पाना आठवला. त्यानं तो पुसून पुढे केला.

“ठेव,” उस्ताद म्हणाले.

सयाजीचा हात तसाच राहिला. इतके दिवस ज्यासाठी जीव टाकला ते हातात होतं, आणि आता ते घ्यावंसं वाटेना.

“उस्ताद… मी गेल्यावर तुमचं कसं…”

उस्तादांनी त्याची मूठ पान्यावर मिटवली.

“जा. नळ्या तेवढ्या कापू नको.”