वैजूची तजवीज

"...मग सांगा स्वामी, यात काय राहिलं?"

पद्माकर देवस्थळींच्या आवाजात थोडा दर्प होता. पाटबंधारे खात्यात हयात गेलेली. पूर येण्याआधीच पाणी कुठे वळवायचं ते ठरवणारा माणूस.

आज ते मुलीला घेऊन कृष्णाकाठच्या मठात आले होते. वैजयंती एकवीस वर्षांची. समज मात्र लहान मुलीची. ओसरीवर बसून ती मठासाठी शेंगा सोलत होती.

विशेष मुलांची तिची शाळा अठरा पुरी झाली तेव्हाच सुटली. पुढचं सगळं पद्माकरांनी आखलं होतं. दिवसा मेणबत्त्यांची कार्यशाळा, रात्री सोबतीला एक बाई, आपल्यामागे पालक म्हणून पुतण्या. अंघोळ, वेणी, दाराची कडी... एकेक करून शिकवून झालं होतं.

"आता आशीर्वाद द्या, स्वामी. म्हणजे मी डोळे मिटायला मोकळा."

स्वामी वैजूकडे वळले.

"वैजू, बाबा गेले तर काय करशील गं?"

"वाट बघीन."

"कुठवर?"

"येईपर्यंत." ती हसली. "आईची पण बघते ना."

पद्माकरांची मान खाली गेली.

"हिची आई कुठे आहे?"

पद्माकर मुलीकडे पाठ करून बसले.

"पद्माकर."

"तीन वर्षं झाली, स्वामी. काविळीत गेली."

"हिला काय सांगितलंस?"

"मावशीकडे गेलीय म्हणून... त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. मग रोज तेच. फाटक वाजलं की ही धावत जाते. मी हाताला धरून आत आणतो."

"आणि?"

"आणि काय! तिला कळायचं नाही, स्वामी. कळलं तर सोसायचं नाही."

"कुणाला?"

पद्माकरांचे खांदे हलत होते.

वैजू उठून आली. मूठभर दाणे तिने वडिलांच्या तळहातावर ठेवले.

"खा, बाबा."

त्यांना मूठही मिटता येईना. दाणे जमिनीवर सांडले.

"तुम्ही सांगा हिला, स्वामी. तुमच्या पाया पडतो. माझ्याने नाही होणार..."

स्वामींनी सांडलेले दाणे वेचून त्यांच्या हातात ठेवले.

"आधी हिच्या आईला मरू दे, पद्माकर... मग तुझ्या मरणाचं बघू."