रणपिसे सरांची जादा गाठ

शर्यतीला अजून एक दिवस होता आणि माझी झोप उडाली होती. मैथिली शेवटची येणार, यात शंका नव्हती. सरावाच्या दिवशी ती निम्म्या वाटेतून चालत आली होती, मध्ये एका फुलपाखरापाशी थांबलीही होती. प्रश्न तिचा नव्हता, माझा होता. मुलांना हरू द्यावं, असं मी इतर आयांना सांगते; बालमानसशास्त्र शिकलेय, तेवढा हक्क मला वाटतो. स्वतःच्या मुलीसाठी मात्र मी अंथरुणात पडून दोन बेत रचले. शाळेला ताप आल्याचं कळवायचं, नाहीतर तिला मैदानात सोडून आपण फाटकाबाहेर थांबायचं. दुसरा बेत मला जास्त प्रामाणिक वाटला. त्यात खोटं बोलावं लागणार नव्हतं आणि तिचं हरणं बघावंही लागणार नव्हतं.

संध्याकाळी तिला जागा तरी ओळखीची व्हावी म्हणून मैदानावर घेऊन गेले. शाळेला मैदान नाही, शर्यती आंबेदऱ्याच्या कॉलेजच्या मैदानावर होतात. आम्ही या गावात नवे. समाप्तीच्या रेषेजवळ एक कडुनिंब आहे आणि त्याच्या बुंध्याला कमरेइतक्या उंचीपर्यंत लोकर गुंडाळलेली आहे. लाल, जांभळी, मोरपंखी, उन्हाने विटलेली पिवळी. वटपौर्णिमेचं सूत असावं तसं, पण झाड वडाचं नाही आणि धागा सुताचा नाही. शिवाय त्या लोकरीत जागोजागी गाठी.

"हे झाड थंडीनं आजारी आहे का?" मैथिलीने विचारलं.

पारावर बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई हसल्या. त्या कुसुम वाघचौरे. कॉलेजच्या मुलींच्या पहिल्या संघात पळालेल्या, आता सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं. नव्या माणसाला या झाडाची गोष्ट सांगितल्याशिवाय त्या सोडत नाहीत, हे मला नंतर कळलं.

"उद्या पळणार का गं?" त्यांनी मैथिलीला विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुमचा चेहरा असा काय? पोरीला लढाईवर धाडताय का?"

मी आपली हसले. त्यांनी आम्हाला बसवून घेतलं.

असं सांगतात, की या मैदानावर पूर्वी गवत आणि म्हशींशिवाय काही नव्हतं. कॉलेजात खेळ शिकवायला रणपिसे सर आले आणि त्यांनी मुलांकडून दगड वेचून घेतले, स्वतः चुन्याची फक्की ओढली, तेव्हा कुठे धावपट्टी दिसू लागली. समोरच्या टेकडीला वळसा घालून परत मैदानात यायचं, ही शर्यतही त्यांचीच. शेवटी आडवा धरायला दोरा लागायचा. तो सरांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या बाई, आपल्या विणकामातून तोडून द्यायच्या. त्या वर्षी ज्या रंगाचा स्वेटर, त्या रंगाचा दोरा.

त्या काळात टेकडीपलीकडच्या वाडीतून हौसा गभाले नावाची मुलगी कॉलेजात यायची. एकदा तिची एसटी चुकली, तर ती टेकडी चढून पलीकडे उतरली आणि पुढच्या थांब्यावर तीच एसटी तिने हात करून थांबवली, म्हणे. सर त्याच एसटीत होते. त्यांनी तिला शर्यतीत उतरवलं. ती घाबरली होती. इतकी माणसं, कुठे बघायचं, कुठे थांबायचं? सर म्हणाले, "पुढं कोण, मागं कोण, बघू नकोस. मी दोरा धरून उभा असेन. दोरा छातीला लागला की थांबायचं."

शर्यतीच्या दिवशी टेकडीमागे हौसाच्या पायात बाभळीचा काटा मोडला. तो काढण्यात ती मागे पडली. इकडे मैदानात पाहुणे वेळेच्या आधी आले. मोटार दारात, प्राचार्यांची घाई, भोंग्यावरून सरांच्या नावाचा पुकारा. कोणीतरी म्हणालं, आल्या सगळ्या. सरांनी मान वर करून टेकडीकडे पाहिलंही नाही, असं सांगतात. दोरा बोटाभोवती गुंडाळला, खिशात घातला आणि ते मंचाकडे गेले.

हौसा आली तेव्हा सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या. ती लंगडत रेषेवरून पळत गेली. दोरा लागला नाही, म्हणून थांबली नाही. पलीकडच्या फाटकातून बाहेर, रस्त्याला, आणि तशीच टेकडी चढून घरी.

"काटा लागला होता तर तिनं सांगितलं का नाही?" मैथिली म्हणाली.

"कुणाला सांगणार बाळा? सगळे टाळ्या वाजवत होते."

हौसा पुन्हा कॉलेजात आली नाही. सर वाडीवर गेले, तेव्हा ती खळ्यात भात झोडत होती. सरांना वाटलं होतं रागावली असेल. तसं काही नव्हतं. ती म्हणाली, "दोरा दिसला न्हाई सर. म्हटलं, अजून म्होरं आसंल." सर म्हणाले, चूक माझी आहे, परत चल. तिचे वडील पेंढी खाली ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता, सर. पळायचं झालं तिचं." उन्हाळ्यात तिचं लग्न होऊन ती घाटाखाली गेली. पायांत इतका वेग असलेली पोर पुन्हा सरांना मिळाली नाही, असं जुनी माणसं म्हणतात. सर स्वतः तसं कधी म्हणाले नाहीत.

त्यांनी फक्त एक नेम धरला. शेवटचा येईपर्यंत दोरा गुंडाळायचा नाही. पहिल्याने तोडला की गाठ मारायची, पुन्हा धरायचा. दुसऱ्याने तोडला की पुन्हा गाठ. शेवटच्याच्या छातीला लागेपर्यंत दोऱ्यात नुसत्या गाठीच राहायच्या. मग तो दोरा शेवटच्याच्या हातात द्यायचा आणि त्याने तो या निंबाला गुंडाळायचा. पाहुणे खोळंबले तर खोळंबले. एका मोठ्या पाहुण्यांनी घड्याळ दाखवलं, तर सरांनी दोऱ्याचं दुसरं टोक त्यांच्याच हातात दिलं, म्हणे.

"आणि एक होतं," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला. "शेवटचा पोरगा आला, की सर आणखी एक गाठ मारायचे. दोरा धरून टेकडीकडच्या फाटकाकडं बघत उभे राहायचे, जरा वेळ. आम्हाला वाटायचं, दमले असतील. मी कितीदा दुसरं टोक धरलंय. विचारलं नाही कधी. विचारायला हवं होतं. बोलले असते तर आमच्यातलं कुणी घाटाखाली जाऊन तिला घेऊन आलं असतं. काय लांब होतं?"

सर गेले ते शर्यतीच्या तोंडावर. ती जादा गाठ हौसासाठी होती, हे तेव्हाच समजलं, बाईंनी सांगितलं तेव्हा. त्या वर्षी बाई सरांसाठीच स्वेटर विणत होत्या, राखाडी. एकच बाही व्हायची राहिली होती. त्यांनी तो उसवला आणि ती वळ्यावळ्यांची लोकर अक्कांच्या हातात दिली. शर्यत झाली. शेवटचा मुलगा आला. अक्कांनी जादा गाठ मारली आणि सगळं मैदान फाटकाकडे बघत उभं राहिलं.

असं सांगतात, की तेव्हा टेकडीकडून एक बाई चालत आली. पिकलेले केस, चपला हातात. ती रेषेपाशी आली, दोरा तिच्या छातीला लागला आणि ती थांबली. "सर कुठंयत?" एवढंच तिने विचारलं. कोणी म्हणतात, ती हौसाच. कोणी म्हणतात, बाजाराला निघालेली कोणीतरी होती, इतकी माणसं गप्प उभी बघून बिचकली.

"पण तुम्ही तर दोरा धरला होता," मी म्हटलं.

"धरला होता," अक्का म्हणाल्या. "डोळ्यांत पाणी होतं माझ्या. मला राखाडी लोकर तेवढी दिसली." त्यांनी बुंध्यावरचा एक फिकट वेढा बोटाने दाखवला. "हा तो. तिनंच गुंडाळला. यायला उशीर तिला झाला की आम्हाला, तेवढं आजवर ठरवता आलं नाही."

आजही आंबेदऱ्याच्या मैदानावर कोणाचीही शर्यत असो, कॉलेजची की पहिलीतल्या पोरांची, दोरा शेवटच्यासाठी धरून ठेवतात. आजही शेवटचा आल्यावर एक गाठ जादा मारतात आणि सगळे क्षणभर टेकडीकडे बघतात. आता वाडीही तिथली उठली, पण गाठ चुकत नाही.

घरी जाताना मी मैथिलीच्या तोंडाकडे बघत होते. आता ही म्हणेल, मीच दोरा गुंडाळणार. किंवा म्हणेल, मी नाही पळत. दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार होती. फाटकापाशी, उद्या मी जिथे थांबायचं ठरवलं होतं बरोबर तिथे, तिने माझा हात ओढला आणि विचारलं,

"आई, त्या हौसाताईची आई कुठं उभी होती?"