जांबूची कडू घागर

एका राज्यात खाणारे पुष्कळ होते आणि खरकटं धुणारी एकटी कपिला होती.

कपिला म्हणजे तपकिरी रंगाचं एक थोराड पाणमांजर. राज्याच्या उजव्या अंगाला, डोंगराच्या पोटात तिची जागा. तिथं ती हिरवट-पिवळा कडू खार बनवायची. तो एका अरुंद मोरीतून खालच्या आळीत उतरायचा, भांड्यांचं तूप-तेल सोडवायचा, आणि काम आटोपलं की बराचसा वळून पुन्हा तिच्याकडेच यायचा. तीही तो वाया घालवत नसे. असं किती वर्षं चाललं, तिनं मोजलं नव्हतं. दुखलं-खुपलं तरी बोलायचं नाही, हा तिचा स्वभावच.

पुढं राज्यात मेजवान्या वाढल्या. खार दाट झाला, मोरी चोंदली. खाली जायचा तो खार तिच्या पायाशीच साचला आणि तिच्याच पंजांची कातडी सोलू लागला. राज्यभर खाज सुटली. बगळे तर हळद लागल्यासारखे पिवळे दिसू लागले.

खालच्या आळीचा पुढारी बोकोबा अंग खाजवत वर आला.

"कपिलामावशी, भांडी तुपकट राहतायत. होत नसेल तर तसं सांगा."

"सांगितलं तर तू धुशील का रे बाबा?"

"मी? मी खातो. ज्याचं काम त्यानं करावं."

तिनं पंजे पाण्याखाली लपवले. ते दिसले असते तर तिची जागा बंद झाली असती, आणि त्या जागी बसेल असं राज्यात दुसरं कोणी नव्हतं.

मग रानाकडून जांबू नावाचं अस्वल आलं. खांद्यावर लहानशी घागर. कपिलेनं त्यातलं पाणी चाखलं.

"हेही कडूच की, जांबूदादा. तुमच्याकडचं म्हणून मला वाटलं, मधाचं असेल."

"कडूच आहे, कपिलाबाई. पण चावरं नाही."

"मग ओता सगळं."

"तसं नको. थोडं थोडं, जेवणाच्या वेळेला. आणि धुणं मी करणार नाही हं, ते तुम्हालाच जमतं. मी आपली वाट मऊ करतो."

जांबू रोज येई. घाई नाही, बढाई नाही. त्याचं मऊ पाणी चावऱ्या खारात शिरे, त्याला जरा सरकवून आपण जागा घेई. कित्येक दिवस काहीच दिसेना.

"कडू पाण्यात कडू पाणी," बोकोबा हसला. "झकास उद्योग आहे."

"तू दोन घास कमी खा," जांबू म्हणाला, "म्हणजे माझा उद्योग लवकर आटपेल."

बोकोबाला ते जड गेलं. पण खाज त्याहून जड होती. त्यानं एक मेजवानी सोडली, मग दुसरी.

एका सकाळी मोरीत बुडबुडा आला. खार हलला. आधी काकवीसारखा, मग पाण्यासारखा खाली उतरला. कपिलेनं पंजे वर काढले. सोललेल्या जागी कोवळी कातडी धरली होती. तिनं ती एकदा पाहिली आणि कामाला लागली. इतकं सोसून, स्वतःच स्वतःला पुन्हा घडवणारं कोणी जांबूनं पाहिलं नव्हतं. तो घागर खाली ठेवून बघत राहिला.

तेवढ्यात जमीन सावकाश वर उचलली गेली आणि खाली आली. साऱ्या राज्यानं खोल श्वास घेतला होता. मग ते कुशीवर वळलं, उठून बसलं, उजव्या बरगडीखाली हात फिरवला, डोळे चोळले आणि सुनेला म्हणालं, "ती कडू गोळी लागू पडली बघ, आज जरा भूक लागलीय गं. पेज दे थोडी. तूप नको घालू."