ठकूबाईच्या घोंगड्यावरची पावलं

भाविकहो, संतांच्या शांतीच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. आज एका रागाची कथा ऐका.

हरकनाथ महाराज त्या साली माणदेशातल्या चिलारवाडीला मुक्कामाला होते. गावाबाहेर बिरोबाचं देऊळ, देवळासमोर हिवराचं एक जुनं झाड आणि त्या हिवराखाली महाराजांची बैठक. नावात हरक, म्हणजे आनंद, असला तरी जिभेला काटे होते. ढोंग दिसलं की महाराज समोरच्याचं पागोटं बघत नसत. म्हणून मोठी माणसं झाडाला वळसा घालून देवळात शिरत, आणि ज्यांना कुणी विचारत नाही अशी माणसं महाराजांच्या पायाशी येऊन बसत.

त्यातलीच एक ठकूबाई सणगरीण. सणगर म्हणजे घोंगडी विणणारे. बिरोबा हा मेंढपाळांचा देव, त्याला रेशीम चालत नाही, घोंगडंच लागतं. दर जत्रेला देवाच्या गादीवर नवं घोंगडं पडायचं ते ठकूबाईच्या घरचं. सात पिढ्यांचा मान होता तो. कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर, अंग काळंभोर आणि एका काठावर पांढऱ्या लोकरीत विणलेली पावलांची ओळ. पावलांची बोटं आत, घोंगड्याच्या अंगाकडे. टाचा बाहेर, दशांकडे, म्हणजे काठाच्या सुट्या धाग्यांकडे. त्याचा अर्थ चिलारवाडीत पोराटोरांनाही ठाऊक होता. देव माळावरून चालत आला आणि आपल्या गावात येऊन बसला!

त्या वैशाखात ठकूबाईचा नवरा बाळाप्पा वारला. पोटी मूलबाळ नाही. माग रिकामा पडला. सणगराच्या घरात बाई लोकर धुते, कातते, खळ लावते, तुटलेला धागा जोडते. पण मागाच्या खड्ड्यात बसून विणायचं ते पुरुषानंच. आणि गावचा रिवाज असा, की एका जत्रेला घोंगडं चुकलं की मान कायमचा सुटला.

हा मान सुटावा म्हणून एक माणूस टपूनच बसला होता. दौलतराव, देवस्थानचा कारभारी. तीनशे मेंढरांचा धनी. मेंढरं राखायला धाकटा भाऊ म्हाळू बारा महिने रानोमाळ हिंडायचा आणि दौलतराव देवळाच्या पायरीवर बसून मिशा पिळायचा. त्यानं शहरातून देवासाठी लाल मखमली चादर करून आणली होती. चादरीला चारी बाजूंनी जरीचे मोर, आणि मधोमध जरीचंच नाव. देवाचं नव्हे हो, दौलतरावाचं! देवानं त्याच्या नावावर बसायचं, असा बेत.

ठकूबाई हिवराखाली येऊन धाय मोकलून रडली. "महाराज, माझ्या मालकाच्या घरचा मान माझ्या दारात मरनार वं."

महाराज म्हणाले, "लोकर कोण धुतं?"

"मी."

"सूत कोण काततं?"

"मीच की."

"चिंचोक्याची खळ कोण शिजवतं?"

"समदं मीच. पर खड्ड्यात..."

"खड्ड्यात काय वाघ बसलाय?" महाराज कडाडले. "रडतीस काय? उतर आन् वीण!"

ठकूबाई उतरली. गावानं तोंडात बोटं घातली. पाणवठ्यावर बाया कुजबुजल्या, बाप्यांनी दारावरून जाताना मुद्दाम खाकरून घेतलं. ठकूबाईनं दातावर दात ठेवले आणि अडीच महिने विणत राहिली. हाताला घट्टे पडले, पाठ धरली. हे घोंगडं गादीवर पडलं की बाळाप्पाचं नाव जत्रेत घेतलं जाणार होतं. तेवढ्यासाठी तिनं सगळं सोसलं.

जत्रेच्या दिवशी सकाळी ती घोंगडं डोक्यावर घेऊन देवळात आली. ढोल वाजत होते, भंडारा उधळला जात होता. दौलतरावानं घोंगडं हातात घेतलं आणि उगाच खोड काढायची म्हणून सगळ्यांसमोर फडकन उलगडलं. काठावरची पावलं बघितली, पुन्हा बघितली, आणि त्याला हसूच फुटलं.

"आरं, बघा रं बघा! पावलं उलटी!"

सगळे पुढे सरसावले. खरंच की! बोटं बाहेर, दशांकडे. टाचा आत. देव गावात येत नव्हता, उठून बाहेर चालला होता.

ठकूबाईला तत्क्षणी कळलं काय झालं ते. वीस वर्षं ती नवऱ्याच्या समोर, मागाच्या पलीकडच्या टोकाला बसून तुटके धागे जोडत आली होती. तिथून तिला पावलांची बोटं नेहमी आपल्याकडे वळलेली दिसायची. तेच चित्र मनात धरून ती खड्ड्यात उतरली आणि बोटं आपल्याकडेच वळवून विणत गेली. पण आता तिची बाजू बदलली होती, दशा तिच्याच अंगाला होत्या, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आणि एकदा खळ बसून घोंगडं वाळलं की उसवून विणायची सोय नसते.

दौलतरावाचं हसू थांबलं आणि आवाज चढला. "बाई खड्ड्यात उतरली तवाच मी म्हनलं व्हतं, इपरीत घडनार. हिनं देवाला गावाभाएर काढला! नवरा खाल्ला, आता गाव खानार!" असं म्हणून त्यानं घोंगडं पायरीवर टाकलं आणि पायानं खाली लोटलं. पायानं, भाविकहो! देवासाठी विणलेलं घोंगडं! आणि शंभर माणसं उभी होती, त्यांत एकाच्याही तोंडून 'अरे' निघाला नाही. गादीवर मखमल पडली. ढोल पुन्हा वाजायला लागले.

ठकूबाईनं धुळीतलं घोंगडं उचललं आणि तरातरा हिवराखाली आली. पाया पडली नाही. घोंगडं महाराजांपुढे आदळलं.

"तुमीच म्हनला उतर! घ्या आता! मी आपली गप ऱ्हाती तर नुस्ता मान गेला आसता. आता मालकाचं नाव बी धुळीला मिळालं. कसलं महाराज तुमी?"

भोवतालची माणसं चरकली. महाराजांना असं कुणी बोललं नव्हतं. महाराजांनी मात्र हात लांब करून तो काठ मांडीवर ओढला.

"आशी का विणलीस गं?"

तिनं रडत, चिडत, सगळं सांगितलं. आपण कुठं बसायचो आणि तिथून काय दिसायचं ते.

"म्हंजी देव जसा तुला दिसला तसाच विणलास."

"व्हय."

"मग चुकलं कुठं?" महाराज उठले. त्यांचे डोळे लाल झाले होते. ते तसेच देवळाच्या पायरीपाशी गेले आणि ओरडले, "दौलत्या! भाएर ये!"

दौलतराव आला. कारभाऱ्याला असं हाकारणारा गावात दुसरा कुणी नव्हता, त्यामुळे तोंड कडू झालेलं.

"देव भाएर चाललेला बघून हसलास न्हवं? तुझी मेंढरं कुठं हायती?"

"म्हाळूनं चार कोसावर नदीच्या वाळूत बसवल्याती. पात्रात गवत हाय."

"आन् जत्रंच्या दिवशी तुझा भाऊ तिथं, त्याची बायकू तिथं, मेंढरं तिथं. मग मेंढरांच्या देवानं इथं मखमलीवर बसून तुझ्या नावाचा वास घ्यायचा काय रं? ज्याची माणसं रानात, त्यो देव घरात बसंल?"

"महाराज, देवाचं आमाला कळतं," दौलतराव फणकारला. "तुमी झाडाखालीच बसा."

महाराज परत आले, हिवराखाली कोरड्या मातीवर घोंगडं अंथरलं, काठ पश्चिमेकडे, नदीच्या अंगाला केला आणि ठकूबाईला म्हणाले, "इथं बस. कुनाला हात लावू दिऊ नको. पावलं भाएर निघाल्याती, त्यांना जाऊ दे."

ती बसली. खरं सांगायचं तर श्रद्धेनं नव्हे, जायला दुसरी जागा नव्हती म्हणून बसली. मनात दौलतरावाला शिव्या मोजत होती, आणि महाराजांनाही सोडत नव्हती.

दुपार कलली तशी पश्चिमेकडची बाजू काळी झाली. परतीचा पाऊस तो. चिलारवाडीत थेंब नाही, पण वरच्या डोंगरात आभाळ फाटलं. थोड्या वेळानं खालच्या वाडीचा एक गडी घामाघूम होऊन धावत आला. "नदीला लोंढा आलाय! झाडंच्या झाडं व्हाऊन चालल्याती!"

दौलतरावाचा चेहरा पांढराफटक पडला. आता चार कोस धावून काय होणार? पाणी कधीच पोचलं असणार. तो गाभाऱ्यात पळाला, मखमलीवर डोकं आपटू लागला. "बिरोबा, माझा भाऊ! माझा म्हाळू!" मखमल मऊ होती. डोक्याला लागलंदेखील नाही.

इकडे ठकूबाईच्या बोटांना ओल लागली. तिनं चमकून हात उचलला. खालची माती कोरडी ठणठणीत, आणि घोंगड्याचा काठ मात्र चिंब! पांढऱ्या पावलांमधून पाणी पाझरत होतं. तिच्या डोळ्यांदेखत त्या शुभ्र लोकरीवर तांबडा गाळ चढला, एका पावलावर, मग दुसऱ्यावर, जणू कुणी चिखलातून झपाझप चाललं होतं. महाराज डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता.

दिवस मावळायच्या सुमाराला घुंगरांचा आवाज आला. अख्खा कळप देवळापुढच्या माळावर आला! पुढे म्हाळू, मागे त्याची बायको काखेत कोकरू घेऊन. दौलतराव धावला, भावाच्या गळ्यात पडला.

"दादा, वाचलो कसं त्ये मलाच ठावं न्हाई," म्हाळू धापा टाकत म्हणाला. "एक उंच म्हातारा आला. काय शिव्या दिल्या वं त्यानं! 'उठा, आळशांनो, मेंढरं वर काढा' म्हनून काठी घालाय लागला. आमी टेकाडावर चढलो आन् खाली पानी आलं. मग म्होरं चालाय लागला, तसं आमी मागनं. गावाच्या शिवेवर बघतोय तर कुनीच न्हाई."

"कोन व्हता? वळखीचा?"

"त्वांड दिसलंच न्हाई. पाठीवर काळं घोंगडं. खालच्या काठाला पांढरी पावलं." म्हाळू घुटमळला. "पर दादा, आपल्या देवाच्या घोंगड्यावर बोटं आत आसत्याती. त्याची भाएर व्हती. खाली, वाटंकडं."

ढोल कधीच बंद पडले होते. सगळ्यांच्या माना हिवराकडे वळल्या. घोंगडं तिथंच होतं, काठ गाळानं माखलेला आणि त्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

दौलतराव धावत आला आणि महाराजांच्या पायांवर कोसळला. महाराजांनी पाय मागे ओढून घेतले.

"हे पाय दिसभर कोरडं हायती. भिजलं कोन, त्ये बघ."

दौलतराव देवळात गेला, गादीवरची मखमल त्यानं स्वतःच्या हातानं ओढून काढली. बाहेर येऊन ठकूबाईपुढे हात जोडले. "ठकूबाई, घोंगडं द्या. सोच्छ धुऊन आनतो, गादीवर घालतो."

"हात लावू नगा!" ठकूबाई उसळली. "धुवायचं न्हाई. आसंच पडंल."

तिनं ओलं जड घोंगडं खांद्यावर घेतलं. बाईला आणि त्यात विधवेला गाभाऱ्यात जायची मुभा नव्हती. ती सरळ उंबरा ओलांडून आत गेली, आणि शंभर माणसांनी तिला वाट दिली. सकाळी 'अरे' न म्हणणारीच ती शंभर माणसं! तिनं चिखलासकट घोंगडं गादीवर पसरलं, आणि जत्रेच्या रिवाजाप्रमाणे ज्याच्या घरचा मान त्याचं नाव मोठ्यानं पुकारलं: "बाळाप्पा सणगराच्या घरचं!"

म्हाळूनं भंडारा उधळला. "बाळाप्पा सणगराच्या घरचं!" गाव गरजलं.

दौलतराव तिच्या पायांकडे वाकला. ती बाजूला झाली. "माझ्या पाया नगा पडू. सकाळच्याला पायानं काय लोटलंत त्ये बघा, आन् तितं पडा."

तीनशे मेंढरांचा धनी गादीपुढे लोटांगण घालून पडला. गाळानं भरलेल्या पावलावर कपाळ टेकून ढसाढसा रडू लागला. तोंडाला चिखल लागला तरी मान वर केली नाही. बराच वेळ झाला. माणसं चुळबुळ करू लागली. ठकूबाई कमरेवर हात ठेवून उभी होती, तिचा श्वास अजून जोरात चालला होता.

दारातून महाराज हळूच म्हणाले, "ठकू, आता ऊठ म्हन की त्याला."

"म्हनते की," ठकूबाई म्हणाली. "जरा थांबा."

आणि भाविकहो, महाराज थांबले.