तांडेलाचा नांगर

होड्यांना अजून दगडाचे नांगर असत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट.

समुद्रकाठी वीस-पंचवीस घरांचं एक गाव होतं. गावासमोरच्या उथळ पाण्यात पोवळ्यांचं रान पसरलेलं होतं. पोवळं दिसतं दगडासारखं, पण असतं जिवंत. त्याच्या फांद्यांत मासळीची पिल्लं लपून वाढतात.

गावकरी रोज होड्या तिथेच नेत आणि नांगर धपकन तिथेच टाकत. आजा टाकायचा, बाप टाकायचा, म्हणून हेही टाकायचे. दर खेपेला खाली चार फांद्या मोडत. वरून दिसतं कुणाला? हळूहळू रान उजाड झालं, मासळी निघून गेली. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

या गावात होड्यांचा म्होरक्या धाकू तांडेल राहायचा. सगळ्यांत जड नांगर त्याचा आणि सगळ्यांत ताठ मानही त्याचीच. पोटासाठी माणसं गाव सोडू लागली, घरं बंद पडू लागली; त्याचे लेक-जावईही दूरच्या बंदरावर गेले. "औंदा मासळी नाय इली, तर आपणय जावया," तो बायकोला, भागीला म्हणाला.

भागीला हे घर सोडायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती कमरभर पाण्यात उतरली. वाळूत मोडून पडलेल्या फांद्यांतल्या जिवंत तेवढ्या वेचून ती काथ्याच्या सुंभाने खडकांना बांधू लागली.

"काय गो, दर्याक टाके घालतंस काय?" धाकू हसला.

"मोडलेला हाड बांधल्यार जुळता. ह्याय जुळात."

शेजारणी विचारत, "मजुरी काय गावतली?"

"पेज नि खाराचो आंबो," भागी म्हणायची.

बायका हसायच्या, पण यायच्या. मग म्हातारे आले, पाणबुडे आले. प्रत्येक ओहोटीला कुणी सुंभ वळायचं, कुणी बांधायचं. धाकू मात्र फिरकला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

पावसाळा सरला. बांधलेल्या फांद्यांनी खडक धरला. एके सकाळी रानावर चांदीसारखी मासळी चमकली.

धाकूने लांबूनच ती पाहिली आणि त्याला भरून आलं. पहिली मासळी आपल्या हाताने भागीला नेऊन द्यायची, म्हणून त्याने घाईघाईने होडी पाण्यात लोटली आणि सवयीने नांगर टाकला.

मासळी फुटून पळाली. नांगर ओढायला गेला, तर तो अडकलेला. धाकूने बुडी मारली.

खाली नांगराच्या दगडाखाली पोवळ्यांचा चुरा झाला होता. तुटक्या फांद्यांवर सुंभाच्या गाठी तशाच होत्या. ती गाठ त्याने ओळखली. जाळं विणायची ती गाठ लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात त्यानेच भागीला शिकवली होती.

तो रिकाम्या हातांनी घरी आला.

"भागी, तुजी बाग माज्याच नांगरान मोडली."

भागीने डोळे पदराने पुसले आणि त्याला पेज वाढली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पेज तशीच ठेवून तो उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने अडकलेला नांगर हलकेच सोडवून होडीत घातला आणि रानापासून दूर, नुसत्या वाळूवर नेऊन सोडला. दोराचं वरचं टोक एका सुक्या भोपळ्याला बांधलं. भोपळा पाण्यावर तरंगू लागला.

किनाऱ्यावर येऊन तो सगळ्यांना म्हणाला, "आजपासून होड्यो त्या भोपळ्याक बांधायच्यो. माजो नांगर आता वर येवचो नाय."

मग तो पाण्यात भागीजवळ गेला. ती वाळूतल्या तुटक्या फांद्या पुन्हा वेचत होती. त्याने सुंभ हातात घेतला.

"कशी मारतंस गाठ, दाखव माका."

"तुमीच शिकवल्यात ती," भागी म्हणाली आणि कालपासून पहिल्यांदा हसली.

पोवळं वर्षाला बोटभरही वाढत नाही. त्या दोघांचे केस पांढरे झाले, तेव्हा कुठे रान पुन्हा दाट झालं. मासळी आली, मासळीमागे लेक आली, बंद घरं उघडली. भोपळे सडले तसे नवे बांधले गेले, पण त्या रानावर पुन्हा कुणी नांगर टाकला नाही.

तात्पर्य : जोडणारे हात कितीही असोत, मोडणारा हात थांबल्याशिवाय काही जुळत नाही.